लांबचा मार्ग, थोडा वेळ

अंतर व वेळ यांचीं उदाहरणें सोडवितांना आपण असें धरून चालतों कीं, मार्ग जितका लांब तितका वेळ अधिक. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हा विमानप्रवास मात्र निराळेंच सांगतो.

पृथ्वी गोल असल्यामुळें दिल्लीहून पश्चिमेस, अटलांटिक महासागर ओलांडून, या अमेरिकन शहरीं जातां येतें. तसेंच पूर्वेस, पॅसिफिक महासागरावरूनहि जातां येतें. पहिला मार्ग सुमारें १३,९०० किलोमीटर, दुसरा १५,३००. तरीहि सन २०१६ च्या ऑक्टोबर महिन्यांत एअर इंडियाच्या विमानानें दुसरा मार्ग धरला आणि तें सुमारें साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षां जवळजवळ दोन तास लवकर, पोहोंचलें!

याचें कारण वारा. या प्रवासाच्या वाटेवर सुमारें दहा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा वेगवान प्रवाह वाहत असतो. प्रवाहाबरोबर होडी हांकणाऱ्या नावाड्यास याचा अर्थ सांगावयास नको. वाचकांनीं १५,३०० ला साडेचौदांनीं भागून पाहावें. ताशीं १,०५० किलोमीटरांहून अधिक वेग येतो. असलें विमान शांत हवेंत ताशीं सुमारें ९०० किलोमीटर जातें. बाकीचे दीडशें वाऱ्यानें दिले.

मौज अशी कीं, परततांनाहि विमान अटलांटिकवरून, म्हणजे पुन्हा पूर्वेसच तोंड करून, येई. दिल्लीस पोहोंचेपर्यंत त्याची पृथ्वीप्रदक्षिणा पुरी झालेली असे.