थंडी ओसरली की गोधड्या बाहेर काढा

जानेवारीत मध्येच थंडी ओसरते, चार दिवस उबदार जातात. ते कोंदट खोलीत का घालवायचे? आम्ही म्हणतो, गोधड्या उन्हात टाका. आजीला, बाळंतिणीला ११ ते २ च्या दरम्यान थोडा वेळ गल्लीच्या तोंडाशी, ऊन येतं तिथं बसवा. हातपाय उघडे असू द्या. ऊन थेट कातडीवर पडलं तरच हाडांना लागणारं ड जीवनसत्त्व तयार होतं. खिडकीच्या काचेआडून नाही.

ही ऊब डासांनाही मानवते. डेंग्यूच्या डासाची मादी साठवणीच्या पाण्यात अंडी घालते, ८-१० दिवसांत नवे डास उडतात. नळाला रोज पाणी नसतं, पिंप भरून ठेवावंच लागतं, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून ते झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा रिकामं करून आतून काथ्यानं घासा. नुसतं पाणी ओतून दिलं, तर कडेला चिकटलेली अंडी सुकूनही कित्येक महिने जिवंत राहतात.