‘याडी’खालची लाल रेघ

मी अध्यापक विद्यालयात शिकवते. आमची एक विद्यार्थिनी आंतरवासितेसाठी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गेली होती. वर्ग तिसरीचा. ‘माझी आई’ या विषयावर मुलांनी पाच वाक्यं लिहायची होती. एका मुलानं लिहिलं, ‘माझी याडी उस तोडते.’ हिनं ‘उस’चा ‘ऊस’ केला, ‘याडी’खाली लाल रेघ मारली आणि वर ‘आई’ लिहिलं. पुढचे दोन दिवस त्या मुलानं वही उघडलीच नाही. ती मला विचारत होती, “मॅडम, मी शुद्धलेखनच तर तपासलं. चुकलं कुठे?”

‘उस’ची दुरुस्ती बरोबरच होती, ते शिक्षकाचं कामच आहे. पण याडी म्हणजे बंजारा बोलीत आई. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. एकाच वाक्यातल्या दोन खुणा, त्यातली एक शिकवणारी आणि दुसरी मुलाला गप्प करणारी. हा फरक ज्याला जागेवर कळतो तो शिक्षक, असं मी मानते. आणि हा फरक शिकता येतो.

तिसऱ्या दिवशी तिनं फळ्यावर ‘आई’ लिहिलं आणि विचारलं, “तुमच्या घरी काय म्हणतात?” माय, अम्मी, मम्मी अशी उत्तरं येत गेली. मग तो मुलगा उठला, खडू घेतला आणि शेवटी ‘याडी’ लिहून गेला. नंतर तिला कळलं, तो दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. हजेरीपटावर तेवढे महिने फक्त गैरहजेरी दिसते. त्याला उसाच्या मोळ्या मोजता येतात, बैलांचं चारापाणी कळतं. त्या आठवड्यात तिनं गुणाकाराच्या पाठाचं टाचण बदललं आणि उदाहरणं मोळ्यांची घेतली.

दहावी-बारावीच्या निकालानंतर पालक मला विचारतात ते मात्र वेगळंच: डी.एल.एड. की बी.एड.? नोकरी लागेल का? आधी तेच सांगते. 11 ऑगस्ट 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता चालत नाही. लहान मुलांना शिकवायचं असेल तर बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड. सहावीपासून पुढच्या वर्गांसाठी पदवी आणि मग दोन वर्षांचं बी.एड. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा भर चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड. पदवीवर आहे, जवळपास सोय असेल तर चौकशी जरूर करा. त्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) आणि सरकारी शाळांसाठी अभियोग्यता चाचणी व भरतीचं पवित्र पोर्टल. भरती दरवर्षी निघत नाही. दोन-तीन वर्षं धीर धरण्याची घराची तयारी आहे का, हे प्रवेशाआधीच बोलून घ्या.

टीईटीच्या 150 गुणांत 30 गुण बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राचे असतात आणि समावेशक शिक्षण त्यातच येतं. विद्यार्थी तो भाग गाइडमधून पाठ करतात. मला याचंच वाईट वाटतं, कारण उद्याचा वर्ग नेमका त्या भागातला असतो. धडगावला मुलं पावरी बोलतात, मेळघाटात कोरकू, भामरागडला माडिया. शहरात नोकरी मिळाली म्हणून हे टळत नाही. पुण्या-मुंबईत बांधकामावरच्या मजुरांची मुलं हिंदी, तेलुगू, कन्नड घेऊन वर्गात येतात. खासगी शाळांत 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्के राखीव जागांवर आलेलं मूल डबा झाकून खातं, ते शिक्षकालाच दिसायला हवं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, अध्ययन अक्षमता त्यातच मोडते. बोलायला चुणचुणीत पण वाचताना अडखळणाऱ्या मुलाला आळशी म्हणायचं नाही आणि निदानही आपण करायचं नाही. पालकांशी बोलून त्याला तज्ज्ञांपर्यंत पोचवायचं.

हे सगळं नवं आहे असंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला नेलं. वारली मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून कुरणातच शाळा भरवली. मुलांना दोष देण्याऐवजी त्यांनी शाळेची जागा हलवली.

एक गोष्ट मी दर वर्षी नव्या तुकडीला सांगते. शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना वर्गात जातीनुसार हात वर करायला लावू नका. कामाच्या घाईत असं होतं, कुणाच्या मनात वाईट नसतं. पण वर केलेला तो हात मूल विसरत नाही आणि शेजारी बसलेली मुलंही विसरत नाहीत. यादी कार्यालयातल्या नोंदींवरून करा, काही विचारायचंच असेल तर एकेकाला बाजूला घेऊन विचारा. नावंही नीट उच्चारा. पहिल्या आठवड्यात चाळीस नावं त्यांच्या घरी म्हणतात तशी म्हणता आली, तर बरंच काम झालं.

पालकांची आणखी एक काळजी असते, “मुलीला कुठे लांब डोंगरात पाठवलं तर?” ही भीती खोटी नाही. पहिली नेमणूक लांबची असू शकते. राहायची सोय, एसटी, मोबाइलची रेंज, सगळ्याचाच प्रश्न येतो. म्हणूनच ‘मला मुलं आवडतात’ एवढ्यावर प्रवेश घेऊ नका. आवडणारी मुलं बहुधा आपल्यासारखीच असतात.

त्यापेक्षा असं करा. जूनमध्ये शाळा उघडतात, विदर्भात थोड्या उशिरा. प्रवेशाच्या फेऱ्या तेव्हाच चालू असतात. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मुलाला किंवा मुलीला आठवडाभर जवळच्या जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या शाळेत बसू द्या. संध्याकाळी घरी आल्यावर कंटाळा आला का, हे विचारू नका. आज कुणाचं बोलणं तुला कळलं नाही आणि मग तू काय केलंस, एवढंच विचारा.