‘असावा’, ‘म्हणे’ आणि इंग्रजी शोधनिबंध : भावी भाषाशिक्षकांच्या लेखनशिक्षणाचा एक विचार

भावी भाषाशिक्षकाला इंग्रजीतून अभ्यासपूर्ण लेखन कसे शिकवावे, हा प्रश्न आपल्याकडे इंग्रजी विभागाचा मानला जातो. मराठी विभागाने त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही, अशी एक समजूत रूढ आहे. प्रस्तुत निबंधात या समजुतीला हरकत घ्यावयाची आहे. इंग्रजी शोधलेखनात आपला विद्यार्थी अडखळतो तो केवळ व्याकरणापाशी नव्हे, तर विधानाची जबाबदारी घेण्यापाशी. आणि ही जबाबदारी व्यक्त करण्याची साधने त्याच्या मराठीत आधीपासूनच असतात, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकवले जाते. परिणामी प्राथमिक शाळेतील प्रत्येक शिक्षक हा किमान दोन भाषांचा शिक्षक झाला आहे. हाच शिक्षक पुढे पदव्युत्तर अभ्यासाकडे वळला, की त्याला इंग्रजी संदर्भ वाचावे लागतात, इंग्रजीतून सारांश लिहावे लागतात. त्याने आजवर इंग्रजीत काय लिहिलेले असते? पत्रे, अर्ज, पाठ केलेले निबंध. दुसऱ्याचे मत मांडून त्याच्याशी वाद घालणारा एक परिच्छेदही त्याच्याकडून कोणी लिहवून घेतलेला नसतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयीचे विनियम लागू केले. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला त्यात दंड नाही. ६० टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास संशोधकाची नोंदणी रद्द करण्याची तरतूद आहे. दंडाची कोष्टके विद्यार्थ्याला ठाऊक असतात. परंतु दुसऱ्याचे म्हणणे आपल्या वाक्यात कसे आणावे, हे कौशल्य त्याला कोणी शिकवलेले नसते. सगळीच उचलेगिरी अप्रामाणिकपणातून होते असे नाही. पुष्कळदा ती असहायतेतून होते.

२. ‘वळणदार’ मराठी मनाचा भ्रम

रॉबर्ट कॅप्लन यांनी १९६६ साली असे मांडले होते, की इंग्रजी परिच्छेद सरळ रेषेत जातो, तर पौर्वात्य भाषकांचा विचार वर्तुळाकार वळणे घेत मुद्द्याकडे येतो. या मतावर पुढे बरीच टीका झाली आणि खुद्द कॅप्लन यांनीही ते सौम्य केले. तथापि, ‘आपली मुले पाल्हाळिक लिहितात, कारण आपली भाषाच तशी’ हे वाक्य आपल्या शिक्षककक्षांतून अजूनही ऐकू येते.

आपल्या परंपरेतील पुरावा याच्या विरुद्ध आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर शाळेत शिक्षक होते. जॉन्सन, मेकॉले यांच्या वाचनाचे संस्कार घेऊन त्यांनी १८७४ ते १८८१ या काळात ‘निबंधमाले’त मराठी युक्तिवादाला धार दिली. मालवणात जन्मलेले, रत्नागिरीच्या शाळेत शिकलेले आणि पुढे तेथेच मुख्याध्यापक झालेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी विरुद्ध दिशेने वाटचाल केली. शाळेतील मुलांसाठी संस्कृतची क्रमिक पुस्तके लिहिणाऱ्या या भाषाशिक्षकाने १८७७ साली विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने दिली आणि १८८४ साली दख्खनचा प्राचीन इतिहास इंग्रजीत सिद्ध केला. शिलालेख काय सांगतो, पुराण काय सांगते आणि त्यांवरून आपण काय अनुमान करतो, यांची निवड करीत पुढे जाणे ही त्यांच्या लेखनाची रीत होय. इंग्रजीत सरळ लिहावयास मराठी मन आड येत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

३. अकलोलीचे कुंड : एक पाठ

प्रत्यक्ष अध्यापनाच्या दृष्टीने एक उदाहरण घेऊ. भिवंडी तालुक्यातील अकलोली हे तानसा नदीकाठचे, वज्रेश्वरीनजीकचे गाव ऊन पाण्याच्या कुंडांसाठी प्रसिद्ध आहे. या कुंडांविषयी चार प्रकारची विधाने सहज करता येतात. पाणी गरम आहे, हे हात घालून कळते. देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त म्हणजे हे ऊन पाणी, ही आख्यायिका आहे. या पाण्याने त्वचेचे विकार बरे होतात, ही लोकसमजूत आहे. जमिनीत खोल मुरलेले पाणी तेथील उष्णतेने तापून खडकांतील भेगांवाटे वर येते, हे भूशास्त्राचे स्पष्टीकरण आहे. पालघरपासून रत्नागिरीपर्यंत कोकणात आढळणाऱ्या ऊन झऱ्यांच्या ओळीत अकलोलीची गणना होते.

मराठीत बोलताना आपला विद्यार्थी ही विधाने कधीही एका मापाने मोजत नाही. तो म्हणतो, ‘पाणी गरम आहे’. ‘झरा फार जुना असावा’. ‘या पाण्यानं खरूज जाते म्हणे’. ‘आहे’ने तो स्वतः साक्षीदार होतो, ‘असावा’ने अनुमान करतो आणि ‘म्हणे’ने जबाबदारी दुसऱ्यावर सोपवून वर किंचित अविश्वासही सुचवतो.

आता हीच वाक्ये तो इंग्रजीत नेतो तेव्हा काय घडते ते पाहावे. ‘म्हणे’ गळून पडते आणि उरते ‘द वॉटर क्युअर्स स्किन डिझीज’, म्हणजे एक निःशंक वैद्यकीय विधान. ‘असावा’चे होते ‘शुड बी’, कारण ‘मुलगा हुशार असावा’ या वाक्यातील अपेक्षादर्शक ‘असावा’ला त्याने शाळेत तोच प्रतिशब्द पाठ केलेला असतो. परंतु ‘झरा जुना असावा’ यात अपेक्षा नसून अनुमान आहे. तेथे ‘मस्ट बी’ किंवा ‘इज प्रॉबब्ली’ हवे. ‘द स्प्रिंग शुड बी ओल्ड’ या वाक्याखाली शिक्षक लाल रेघ ओढतो. चूक क्रियापदाची ठरते. हरवलेला असतो तो मात्र विचारातला एक बारकावा, जो विद्यार्थ्यापाशी होता.

४. अध्यापनाची दिशा

यावरून लेखनपाठाचा एक क्रम सुचतो. प्रथम विद्यार्थ्यांनी एखाद्या परिचित स्थळाविषयी मराठीतच टिपणे काढावीत आणि ती ‘पाहिले’, ‘ऐकले’, ‘वाचले’, ‘अनुमानिले’ अशा चार रकान्यांत मांडावीत. वज्रेश्वरीच्या संदर्भात १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकली हा इतिहास एका रकान्यात जाईल. त्या मोहिमेपूर्वी चिमाजी आप्पांनी देवीला नवस केला होता, ही परंपरा दुसऱ्या रकान्यात. ही विभागणी करतानाच संशोधनाचा अर्धा संस्कार होतो.

दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक रकान्याला साजेशी इंग्रजी क्रियापदे द्यावीत : पाहिलेल्यासाठी साधा वर्तमानकाळ, ऐकलेल्यासाठी ‘इज बिलीव्ह्ड टू’, वाचलेल्यासाठी लेखकाच्या नावासह ‘आर्ग्यूज’ किंवा ‘सजेस्ट्स’, अनुमानासाठी ‘मे’, ‘अपिअर्स टू’. मत ठामपणे मांडणे आणि केवळ सुचवणे यांतील अंतर येथेच समजावून द्यावे.

तिसऱ्या टप्प्यात परिच्छेद लिहवून घ्यावा. जॉन स्वेल्स यांनी १९९० साली शोधनिबंधाच्या प्रस्तावनेच्या तीन हालचाली दाखवल्या : क्षेत्र निश्चित करणे, त्यातील उणीव दाखवणे आणि त्या जागी आपले काम मांडणे. ‘या कुंडांविषयी असे असे लिहिले गेले आहे, परंतु अमुक प्रश्न सुटलेला नाही, तो येथे तपासू’ एवढ्या तीन वाक्यांत हा आराखडा नवख्यालाही पेलता येतो.

अखेरीस विद्यार्थ्यांनी परस्परांचे लेखन वाचावे आणि प्रत्येक वाक्याशी थांबून एकच प्रश्न विचारावा : हे कोण म्हणते? तपासनीसानेही गुण प्रथम या उत्तराला द्यावेत, शुद्धलेखनाला नंतर.

५. एक आक्षेप

भिवंडीसारख्या तालुक्यात सर्व विद्यार्थ्यांची घरची भाषा प्रमाण मराठी नसते. वारली, कातकरी, आगरी, उर्दू, तेलुगू अशा अनेक भाषा-बोली वर्गात येतात. मग ‘म्हणे’चा आधार कितपत पुरेल? हा आक्षेप रास्त आहे. तथापि त्याचे उत्तर पद्धती सोडण्यात नसून ती रुंदावण्यात आहे. ऐकीव गोष्ट तुमच्या घरी कशी सांगतात, हे त्या विद्यार्थ्यालाच विचारावे. त्याचे उत्तर हा वर्गाचा ऐवज होईल, आणि कदाचित एखाद्या प्रबंधाचा विषयही.

६. समारोप

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. या दर्जाचे चीज केवळ जुन्या ग्रंथांच्या संपादनाने होणार नाही. मराठीत सूक्ष्म विचार करणारा विद्यार्थी इंग्रजीत गेल्यावर भाबडा दिसू नये, हेही मराठीच्या अध्यापकाचेच काम आहे. इंग्रजी विभागाने त्याला वाक्य द्यावे. परंतु ‘आहे’, ‘असावे’ आणि ‘म्हणे’ यांतील अंतर जपण्याची सवय आपल्याच तासाला लागावयास हवी. उद्या तो शिक्षक होऊन एखाद्या पाड्यावरील शाळेत उभा राहील, तेव्हा मुलांना तो इंग्रजी किती शुद्ध शिकवील हे सांगता येत नाही. मात्र ‘हे कोण म्हणते?’ असे विचारावयास त्याने शिकवले, तरी पुष्कळ झाले असे म्हणता येईल.