कर्ज आणि जमीन

आपल्या भोपाळच्या महानगरपालिकेने २०१८ साली रोखे विकून १७५ कोटी रुपये उभारले. रोखे म्हणजे गुंतवणूकदारांकडून व्याजाने घेतलेले कर्ज. ते नगराच्या उत्पन्नातून हप्त्याहप्त्याने फेडता येते. जमिनीचे मात्र तसे नाही. शहरास पिण्याचे पाणी देणारा मोठा तलाव सुमारे ३१ चौरस किलोमीटर आहे. परंतु त्याचे पाणलोट क्षेत्र ३६१ चौरस किलोमीटर असून त्याचा बराचसा भाग नगराच्या हद्दीबाहेर पडतो. तेथे वस्ती दाटली, की पावसाचे पाणी मुरत नाही. गाळ व सांडपाणी घेऊन ते तलावात उतरते. म्हणून आम्ही सुचवितो, की अंदाजपत्रकाबरोबर नगराचा विकास-आराखडाही घरोघरी वाचला जावा. कर्ज फिटते, बांधकामाखाली गेलेली जमीन परत मिळत नाही.