खुराड्याची जागा

परसात आठ-दहा कोंबड्या पाळावयाचे ठरले म्हणजे बहुतेक घरी प्रथम फळ्या, जाळी व पत्रे यांची जमवाजमव सुरू होते. मग ज्याचा दुसरा काही उपयोग नाही असा एखादा कोपरा पाहून तेथे खुराडे उभे केले जाते. तो कोपरा आजवर रिकामा का राहिला, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. पुष्कळदा तेथे पावसाचे पाणी साचते, म्हणूनच तो रिकामा असतो! हलक्या लाकडाचे खुराडे पुढेमागे दुरुस्त करता येते. जागा चुकली तर मात्र दर पावसाळ्यात काही पक्षी गमवावे लागतात.

पाळीव कोंबडीचा पूर्वज जो तांबडा रानकोंबडा, तो हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंतच्या रानांत आजही आढळतो. दिवसा तो झुडपांच्या छायेत पाचोळा उकरतो व रात्री झाडावर बसतो. पायांखाली कोरडी जमीन, डोक्यावर सावली आणि रात्री उंच बैठक ह्या त्याच्या गरजा परसातील कोंबडीलाही आहेत.

यांपैकी कोरड्या जमिनीचे महत्त्व सर्वांत अधिक. रक्ती हगवण हा पिलांचा घातक रोग एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो. आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून ह्या परजीवीचे बीजकोष बाहेर पडतात, परंतु ते लगेच रोग उत्पन्न करू शकत नाहीत. ओलावा, ऊब व हवा मिळाली तर एक-दोन दिवसांत ते पक्व होतात, आणि मग दाणे टिपणाऱ्या पिलांच्या पोटात जातात. जमीन कोरडी असेल तर ह्या साखळीचा एक दुवा तेथेच दुबळा होतो. शिवाय ओल्या विष्ठेतून अमोनिया वायू अधिक सुटतो, व त्यामुळे पक्ष्यांच्या डोळ्यांस व श्वासमार्गास इजा होते.

जागेची परीक्षा सोपी आहे; शाळेतील विद्यार्थ्यांनाही ती करता येईल. हातभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा, आणि ते पाणी मुरल्यावर पुन्हा एकदा भरावा. दुसऱ्या खेपेचे पाणी दुसऱ्या दिवशीही तसेच उभे असेल तर ती जागा सोडावी. दुसरी जागाच नसेल तर जोते फूटभर तरी उंच करावे. परसात विहीर असल्यास खुराडे विहिरीच्या वरच्या अंगास कधीही नसावे.

आता उन्हाचा विचार करू. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते, आणि तिला घर्मग्रंथी नाहीत. उष्णता बाहेर टाकण्यासाठी ती चोच उघडून धापा टाकते. धापांबरोबर तिच्या रक्तातील कार्बन डायॉक्साइडचे प्रमाण घटते, आणि त्याचा परिणाम अंड्याचे कवच पातळ होण्यात दिसतो. म्हणून आपल्या देशात खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, असे सांगतात. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन मग दोन्ही टोकांच्या अरुंद, बंद भिंतींवर पडते. जाळीच्या लांब बाजू उत्तरेस व दक्षिणेस येतात. उन्हाळ्यात माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ माथ्यावर असल्याने छपराची वळचण त्याला अडविते. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कलतो. डिसेंबरात दिल्लीस माध्यान्ही तो क्षितिजापासून सुमारे ३८ अंशच वर असतो, आणि तेव्हा ते हवेसे ऊन वळचणीखालून आत येते. कोकणात मात्र पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. तेथे दक्षिणेच्या जाळीवर पावसाळ्यापुरता झापांचा आडोसा केल्यावाचून गत्यंतर नाही.

वाऱ्याची दिशा ऋतूंप्रमाणे बदलते. ओल्या पाचोळ्याचा थोडा धूर करून तो कोणीकडे जातो हे निरनिराळ्या महिन्यांत पाहावे. तो शेजाऱ्याच्या खिडकीत जात असेल तर उद्या दुर्गंधीही तेथेच जाणार. एवढ्यासाठी काही लोक खुराडे अगदी कुंपणाशी नेऊन ठेवतात, पण ते बरे नव्हे. मुंगूस किंवा रानमांजर आत शिरले तर एका रात्रीत सगळी खुराडी रिकामी होऊ शकते. मध्यरात्रीचा कलकलाट घरात ऐकू येईल इतके अंतर, दुर्गंधीचा थोडा त्रास सोसूनही, मी पत्करीन. झाडाची फांदी छपरावर टेकलेली नसावी, सरपणाचा ढीग शेजारी नसावा. घराच्या भिंतीलाही खुराडे चिकटवू नये. कोंबड्यांची गोचीड दिवसा भेगांत लपते व रात्री रक्त शोषते. झाडू फिरेल एवढी मोकळी जागा चारी बाजूंनी असावी.

तळ्याकाठची जागा रम्य दिसते, परंतु रानबदकांच्या विष्ठेतून बर्ड फ्लूचे विषाणू येऊ शकतात. भारतात ह्या रोगाचा पहिला प्रादुर्भाव २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे नोंदला गेला. मानमोडी तर त्याहून जुनी. कुमाऊँमधील राणीखेतवरून तिला राणीखेत रोग हे नाव पडले. तिच्यासाठी लस आहेच, तथापि शेजारच्या कोंबड्यांशी खुराड्याचा सरळ संपर्क टाळणे इष्ट.

इतके पाहूनही निश्चय होत नसेल तर पहिल्या वर्षी पक्के बांधकाम करू नये. दोघांना उचलता येईल असे हलके, पायांवर उभे केलेले खुराडे करावे आणि एक पावसाळा व एक उन्हाळा ते परसात जागा बदलून ठेवून पाहावे. भर दुपारी कोंबड्या आपण होऊन कोठे जाऊन बसतात, तेही टिपून ठेवावे.