रोजनिशी खरे बोलते का?

गेल्या मंगळवारी दुपारी चार वाजता तुमचे डोके किती दुखत होते? नेमके सांगता येणार नाही. स्मृती हे फारसे भरवशाचे मापनयंत्र नव्हे. म्हणून आरोग्याचे अभ्यासक रुग्णांना रोजनिशी लिहायला सांगतात.

पण ती तरी वेळेवर लिहिली जाते काय? अमेरिकेतील आर्थर स्टोन व सहकाऱ्यांनी याची परीक्षा घेऊन २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जुनाट वेदनांच्या ८० रुग्णांपैकी निम्म्यांना कागदी रोजनिशी दिली. तिच्यात प्रकाशसंवेदक दडवला होता. वही उघडली की आत प्रकाश शिरे व वेळ नोंदली जाई. रुग्णांच्या लेखी ९० टक्के नोंदी वेळेवर होत्या. संवेदकाच्या साक्षीने अवघ्या ११ टक्के! उरलेल्यांच्या इलेक्ट्रॉनिक रोजनिशीत हे प्रमाण ९४ टक्के निघाले. ती ठरल्या वेळी आठवण देई आणि वेळेचा शिक्काही स्वतःच मारी.

आज हे काम मोबाइल फोन करतो. उन्हात राबणाऱ्या मजुराला किंवा दम्याच्या रुग्णाला 'आता कसे वाटते?' असे दिवसातून अनेकदा विचारता येते. मात्र ज्यांना धोका अधिक, त्यांच्याकडेच पुष्कळदा स्वतःचा फोन नसतो. घरात सर्वांचा मिळून एकच असेल, तर मनातले कोण लिहील? अशी माणसे गळली, की सरासरी नेटकी दिसते, पण ती दुसऱ्यांचीच असते.

विद्यार्थ्यांनो, आठवडाभर रोज किती पेले पाणी प्यालात ते त्या त्या वेळी लिहा. शेवटी वही न उघडता एकूण आकडा सांगा आणि मग ताळा करून पाहा.