सही करण्यापूर्वी

चि. सायलीस,


काल रात्री ताईचा फोन आला. तू म्हणे वकिलांना सांगून टाकलंस, ‘जे लिहिलंय त्यावर सही करते, एकदाची सुटका होऊ दे.’ दरमहा 30 हजार, 10 वर्षं. वर कुणीतरी तुझ्या डोक्यात भरलंय की पोटगीवर कर नसतो. रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

अगं, कोणत्या पोटगीवर? एकरकमी मिळते ती भांडवली रक्कम, तिच्यावर कर नाही. दरमहा येते ती मात्र तुझं उत्पन्न. आपल्या मुंबई उच्च न्यायालयानंच प्रतापगडच्या राजकन्या महेश्वरी देवींच्या प्रकरणात हे सांगून ठेवलंय. म्हणजे वर्षाचे 3 लाख 60 हजार तुझ्या पगारावर चढणार. टीडीएस कापला जात नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, इतकंच. विवरणपत्रात तुलाच दाखवायचेत. आणि नवऱ्याचं म्हणशील, तर एकदम दिले काय नि महिन्याला दिले काय, त्याला एका पैशाची वजावट नाही. मग कराचा भार तू एकटीनं का उचलायचा? उद्या त्याचा हप्ता थकला, की वसुलीच्या अर्जासाठी शिवाजीनगरच्या कोर्टात खेटे तूच घालणार.

‘गाडीचे पैसे तो नंतर देईलच,’ असंही म्हणालीस म्हणे. तोंडी काही ठेवू नकोस! घटस्फोटानंतर तो आयकराच्या लेखी तुझा नातेवाईक उरत नाही. हुकुमाबाहेर वर्षात 50 हजारांवर दिलेन, तर त्यावरही कर लागू शकतो. जे काय ठरेल ते कन्सेंट टर्म्समध्ये आलं पाहिजे, डीडीच्या तारखेसकट.

माझ्या वेळी अण्णांनी ‘त्यांचा पैसा आपल्याला नको’ म्हणून एका ओळीत पोटगीचा हक्क सोडला. पंचविशीतली मी, मलाही तो मोठा बाणेदारपणा वाटला. पुढे खोल्या बदलत फिरले तेव्हा कळलं, घरमालक भाडं बाणेदारपणात घेत नाहीत. अजून खुपतं गं ते.

रागावले, मनावर घेऊ नकोस. सुटका का हवी, हे मला कुणी सांगायला नको. पण सही घाईत नको. एकरकमी मिळाली तर ठेवीत टाक. व्याजावर कर पडेल तो भर, मुद्दल मात्र मोडू नकोस.

निम्मी झालीयेस म्हणे. मी शनिवारी येतेय, मेतकूट नि लिंबाचं लोणचं घेऊन. तोवर मसुदा व्हॉट्सअॅपवर पाठव आणि मी येईपर्यंत पेन उचलू नकोस. रात्री झोप आली नाही तर फोन कर, कितीही वाजलेले असोत. मी जागीच असते.

तुझी,
मावशी